आर्जिनिनच्या डब्याने ब्लॉकेज जात नाही

‘एल-आर्जिनिनला नोबेल मिळालंय. रोज दोन चमचे पावडर घ्या, नसा मोकळ्या होतात, ब्लॉकेज जातं, चालायचीही गरज नाही. नैसर्गिक आहे, अपाय शून्य.’ हा मेसेज महिनाभर आमच्या नात्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. अँजिओप्लास्टी झालेल्या माझ्या काकांनी डबा मागवलासुद्धा. म्हणून एकेक मुद्दा घेते.

नोबेल आर्जिनिनला मिळालेलं नाही. १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना ते मिळालं, कारण नायट्रिक ऑक्साइड हा वायू रक्तवाहिनीला सैल व्हायचा निरोप देतो हे त्यांच्या संशोधनातून कळलं. आर्जिनिन हे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल, त्या वायूचा कच्चा माल, एवढंच खरं. पण पेशींत तो माल सहसा पुरेसा असतोच, आणि तोंडाने घेतलेल्यातला बराचसा आतडं आणि यकृत वाटेतच फोडून टाकतात.

सिट्रुलिन हे दुसरं अमिनो आम्ल मात्र त्या वाटेवर टिकतं आणि मूत्रपिंडात त्याचं आर्जिनिन होतं. म्हणजे रक्तातलं आर्जिनिन वाढवायला आर्जिनिनपेक्षा सिट्रुलिन बरं! कलिंगडात ते भरपूर असतं, नावही कलिंगडाच्या लॅटिन नावावरूनच आलंय. जिमला जाणाऱ्या धडधाकट मुलांना दोन्हींतलं एक घ्यायचंच असेल तर मी सिट्रुलिन सांगेन. सिट्रुलिन मॅलेट (सिट्रुलिन आणि मॅलिक आम्ल एकत्र) बहुतेक अभ्यासांत ६ ते ८ ग्रॅम, व्यायामाच्या तासभर आधी दिलंय. काहींत थोडे रेप्स, म्हणजे वजन उचलण्याच्या खेपा, वाढले, काहींत काहीच फरक नाही.

‘ब्लॉकेज जातं’ हे साफ खोटं. तो चरबी आणि कॅल्शियमचा थर असतो. नळी सैल झाली म्हणून थर विरघळत नाही.

‘अपाय शून्य’ वाचून तर मला धडकीच भरली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ जणांवर अमेरिकेत एक चाचणी झाली, २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना दिवसाला ९ ग्रॅमपर्यंत आर्जिनिन, निम्म्यांना नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी. आर्जिनिनवाल्यांत सहा मृत्यू, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवली. ती लहान होती हे मान्य, पण अटॅकनंतर आर्जिनिन देऊ नये असंच संशोधकांनी लिहिलं. काकांच्या सदऱ्याच्या खिशात सॉर्बिट्रेटची, म्हणजे छातीत दुखल्यावर घ्यायच्या गोळ्यांची, पट्टी असते. तीही नायट्रिक ऑक्साइडच्याच मार्गाने काम करते. वर आर्जिनिन घेतलं तर बीपी एकदम खाली यायची भीती.

राहिलं चालणं. चालताना काकांच्या पोटऱ्या भरून येतात, पायाच्या नसा अरुंद झाल्यात. नेमक्या अशाच रुग्णांना सहा महिने रोज ३ ग्रॅम आर्जिनिन दिल्याचा अभ्यास २००७ मध्ये आला. चालण्याची क्षमता उलट दिखाऊ गोळीवाल्यांचीच जास्त सुधारली! चालताना रक्त जोरात वाहतं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला घासतं, आणि ते अस्तर स्वतःच नायट्रिक ऑक्साइड सोडतं. अशा पायांसाठी डॉक्टर सांगतात तेच: दुखेपर्यंत चाला, थांबा, कळ ओसरली की पुन्हा चाला.

डबा अजून सीलबंद आहे. काल आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या दत्तमंदिरापर्यंत गेलो. येताना काका तीनदा कठड्याला टेकले, पोटऱ्या चोळल्या आणि ‘चल’ म्हणाले.