‘कॉलेज म्हणजे वेळ आणि पैशाची नासाडी’: बडोद्यातून एक उत्तर

बारावीचा निकाल लागला की हा मेसेज दरवर्षी फिरायला लागतो. यंदाही मंडळाच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, नात्यातल्या ग्रुपवर तर दोनदा आला. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. गेट्स आणि झुकरबर्ग कॉलेज सोडून मोठे झाले. शिकलेल्यांतच बेकारी जास्त आहे. कंपन्या आता डिग्री विचारत नाहीत. यूट्यूबवर आणि एआयवर सगळं फुकट मिळतं. प्राध्यापक शिकवत नाहीत, नुसता पगार घेतात. सरकारी विद्यापीठं तर संपलेलीच आहेत. तेव्हा फीचे पैसे एसआयपीत टाका आणि मुलांना सरळ कामाला लावा.

पाठवणारे आपलेच काका-मामा असतात आणि भल्यासाठीच पाठवतात, याबद्दल मला शंका नाही. पण मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते, आणि हा मेसेज वाचून कोणाचं शिक्षण थांबतं हे मला जवळून दिसतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

गेट्स आणि झुकरबर्ग

दोघांनी सोडलं ते हार्वर्ड. तिथे प्रवेश मिळवण्याइतकं शिक्षण त्यांना आधीच मिळालेलं होतं. गेट्सच्या शाळेत 1968 साली, म्हणजे जगातल्या बहुतेक मुलांनी कॉम्प्युटर हा शब्दही ऐकला नव्हता तेव्हा, कॉम्प्युटरला जोडलेलं टर्मिनल होतं. 1975 मध्ये त्यांनी कॉलेज सोडलं तेव्हा पाठीशी सुस्थितीतलं घर होतं. धंदा बुडाला असता तर परत जाता आलं असतं. बडोद्यातल्या वाडी किंवा मांजलपूर भागातल्या दोन खोल्यांच्या घरातल्या मुलीला हे उदाहरण कशासाठी द्यायचं?

आपल्याच शहरातलं उदाहरण आहे. 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांच्या बीएलाही सयाजीरावांची मदत होती. एवढी पदवी घेऊन 1917 मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यात आले, तर याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पदवीनं जात पुसली नाही, हे खरंच आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण पुढे त्यांनी कायद्याच्या आणि अर्थशास्त्राच्या भाषेत जे मांडलं, ते खोडून काढणं कुणाला सोपं गेलं नाही. ज्याच्या मागे घराणं नाही, ओळख नाही, भांडवल नाही, त्याच्या हातात पदवी काय करते हे गेट्सच्या गोष्टीत सापडणार नाही.

‘शिकलेल्यांतच बेकारी जास्त’

हा मुद्दा आकड्यांनिशी येतो आणि आकडा खरा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या 2024 च्या रोजगार अहवालात म्हटलं आहे की, भारतातल्या पदवीधर तरुणांमध्ये 2022 साली बेकारीचं प्रमाण 29.1 टक्के होतं, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये 3.4 टक्के. मेसेज इथेच थांबतो. मग वाचणाऱ्याला वाटतं, न शिकणंच बरं.

जरा पुढे वाचू. हे आकडे 15 ते 29 वयाचे आहेत. बेकार म्हणजे काम शोधतोय पण मिळालेलं नाही तो. ज्याला अक्षरओळख नाही, त्याला काम शोधत बसणं परवडतच नाही. पहाटे खंडेराव मार्केटात पोती उचलली तरच रात्री चूल पेटते. तो आकडेवारीत ‘रोजगार असलेला’ होतो. त्याला किती मिळाले, उद्या काम आहे का, पाठ धरली तर कोण बघणार, हे त्या 3.4 टक्क्यांत कुठेच येत नाही. पदवीधर मुलगा दोन वर्षं बँकेच्या आणि जीपीएससीच्या (गुजरात लोकसेवा आयोगाच्या) परीक्षा देत नोकरी शोधतो तो घर तेवढी कळ सोसतं म्हणून. वय वाढतं तशी पदवीधरांतली बेकारी उतरते, कारण तोवर बहुतेक जण कुठेतरी लागतात.

तरीही 29.1 हा आकडा भयंकर आहे. दहांतली जवळजवळ तीन मुलं पदवी घेऊन दारोदार फिरताहेत, याचा राग यायलाच हवा. पण तो राग नोकऱ्या का तयार होत नाहीत, कॉलेजात हाताला काम का शिकवत नाहीत, यावर निघायला हवा. शिकूच नका म्हटल्यानं एकही नोकरी वाढत नाही.

‘कंपन्या डिग्री विचारत नाहीत’

काही सॉफ्टवेअर कंपन्यांनी काही जागांसाठी अट सैल केली आहे, एवढंच यात खरं. वकिली करायची तर 1961 चा ॲडव्होकेट्स ॲक्ट कायद्याची पदवी मागतो. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभं राहायचं तर 1948 च्या फार्मसी ॲक्टप्रमाणे फार्मसीची पदविका किंवा पदवी लागते. शिक्षक, नर्स यांनाही पदविका किंवा पदवी लागते; बँक अधिकारी, यूपीएससी यांना तर पदवीच. आणि आपलं शहर कशावर चालतं? कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी हा खतांचा कारखाना, नंदेसरीतले केमिकलचे कारखाने. औषधाच्या कारखान्यात उत्पादन आणि तपासणी ज्याच्या देखरेखीखाली होते, त्याची शैक्षणिक पात्रता नियमांतच लिहिलेली आहे. माझ्या हाताखालून गेलेली कित्येक मुलं तिथल्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहेत. त्यांना बीएस्सीचं सर्टिफिकेट पहिल्याच दिवशी मागितलं होतं.

‘यूट्यूबवर आणि एआयवर सगळं फुकट मिळतं’

यावर मला सविस्तर बोलायचंय, कारण हा मुद्दा मुलांनाही पटतो.

पहिली गोष्ट, फुकट मिळणारे जे चांगले व्हिडिओ आहेत ते बनवले कोणी? एनपीटेल ही ऑनलाइन व्याख्यानांची योजना 2003 च्या सुमाराला आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांनी सुरू केलं. 2017 मध्ये स्वयम् हे सरकारी ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ आलं, तिथले कोर्सही विद्यापीठांतल्या शिक्षकांचे. कॉलेजं बंद पडली तर पुढच्या पिढीचे व्हिडिओ कोण करणार?

दुसरी गोष्ट प्रॅक्टिकलची. पहिल्या वर्षाचं साधं टायट्रेशन घ्या, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण मोजणं. शंकुपात्रात ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात रंग बदलून खूण देणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली नळ असलेल्या मापाच्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साइड. डाव्या हातानं ब्युरेटचा नळ, उजव्या हातानं पात्र सतत हलवायचं. शेवटाजवळ आलं की एकेक थेंब सोडायचा. फिकट, अगदी कळेल न कळेल असा गुलाबी रंग येऊन अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की पात्र भडक गुलाबी होतं आणि ते रीडिंग गेलं. मग पुन्हा. एकमेकांशी जुळणारी तीन रीडिंग्ज येईपर्यंत पुन्हा.

व्हिडिओत हे चार मिनिटांत होतं आणि पहिल्याच झटक्यात जमतं. टेबलाशी उभ्या असलेल्या मुलीला पहिल्या दिवशी ते जमत नाही. ती घाबरते, शेजारणीच्या वहीत डोकावते आणि तिथलं रीडिंग आपल्या वहीत उतरवते. मी वही बघते तेव्हा मला ते कळतं, कारण तिच्या ब्युरेटमधली पातळी वेगळंच सांगत असते. तेव्हा तिच्याशी जे बोलावं लागतं, की चुकलेलं रीडिंग तसंच लिही, खोटं लिहू नकोस, कारण उद्या कारखान्यात याच सवयीवर औषधाची बॅच पास होणार आहे, ते बोलणं मला कॉलेजातलं सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण वाटतं. हे कुठल्याही ॲपवर होत नाही. एआयला विचारलं तर तो बरोबर रीडिंग काय यायला हवं ते सांगून मोकळा होतो, आणि मुलगी तेच वहीत लिहिते.

आता यातली दुखरी बाजू. वीस मुलांची बॅच असायला हवी तिथे चाळीस उभी असतात. एका ब्युरेटवर दोघं, कधी तिघं. नळ गळतात, केमिकल वेळेवर येत नाहीत, लॅब असिस्टंट निवृत्त झाला की जागा तशीच राहते. घरून लिहून आणायच्या असाइनमेंट आता बहुतेक एआयवरून येतात. उपाय आहे, समोर बसवून दहा मिनिटं तोंडी विचारायचं. पण एवढ्या मुलांची तोंडी घ्यायला माणसं लागतात. मेसेज लिहिणाऱ्यानं ‘लॅबमध्ये ब्युरेट द्या, शिक्षक भरा’ असं लिहिलं असतं तर मीच तो सगळीकडे पाठवला असता.

‘प्राध्यापक नुसता पगार घेतात’

न शिकवणारे शिक्षक आहेत. मी पाहिलेत, आणि त्यांची बाजू घेणार नाही. पण सध्या वर्गात तुमच्या मुलांसमोर उभं कोण असतं ते विचारा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत म्हटलं होतं की करारावरचे शिक्षक एकूण जागांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. प्रत्यक्षात कितीतरी विभाग हंगामी माणसांवरच चालतात. मीही अकरा महिन्यांच्या करारावर आहे. जूनमध्ये परत घेतील की नाही हे मेपर्यंत कळत नाही, आणि गेल्या वर्षी दोन महिन्यांचा पगार दिवाळीनंतर झाला. यूजीसीनं 2019 मध्ये अतिथी प्राध्यापकांना तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असा दर सुचवला; तेवढं हातात पडणारी माणसं माझ्या ओळखीत नाहीत. तरी पेपर तपासणं, परीक्षेची ड्यूटी, प्रवेशाच्या रांगा, नॅकची (कॉलेजच्या दर्जाच्या मूल्यांकनाची) फाइल हे सगळं आम्हीच करतो. ज्याला पुढच्या वर्षाचा भरवसा नाही तो शिक्षक विद्यार्थ्यांसाठी तीन वर्षांचा विचार कसा करणार?

‘सरकारी विद्यापीठं संपलेलीच आहेत’

2024 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात कॉमर्सच्या स्थानिक विद्यार्थ्यांच्या जागांवरून शहरात आंदोलनं झाली. आई-बाप उन्हात उभे होते. संपलेल्या जागेसाठी कोणी असं भांडत नाही. लोकांना हे विद्यापीठ हवंय, कारण परवडेल अशा फीत त्यांच्या मुलांना दुसरं दार नाही.

1881 चं बडोदा कॉलेज, 1890 चं कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय, आणि 1949 मध्ये त्यावर उभं राहिलेलं विद्यापीठ. हंसाबेन मेहता इथे कुलगुरू झाल्या; सहशिक्षणाच्या विद्यापीठाची धुरा बाईच्या हाती येण्याची ती देशातली पहिलीच वेळ. विद्यापीठाच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटनं 1951 ते 1975 एवढी वर्षं खपून वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली. चोवीस वर्षं पोथ्या ताडून पाहायला कोणती कंपनी पैसे देईल? आपल्या मराठी विभागाचंही तेच. जुन्या बडोदा राज्याची मोडीतली कागदपत्रं वाचणारी माणसं तयार करायची, तर बाजारात मागणी आहे का असं विचारून भागणार नाही.

जे खरंच हरवतंय त्याबद्दल मात्र मेसेजात अवाक्षर नाही. पूर्वी नोंदणीकृत पदवीधर सिनेटवर, म्हणजे विद्यापीठाच्या सर्वसाधारण सभेवर, आपले प्रतिनिधी निवडून देत. 2023 च्या गुजरात पब्लिक युनिव्हर्सिटीज ॲक्टनं राज्यातली अकरा विद्यापीठं एका कायद्याखाली आणली आणि सिनेट-सिंडिकेट जाऊन बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आलं. कारभार सुटसुटीत होईल असं सांगतात. होवो. पण फी वाढली, जागा कमी झाल्या, भरती थांबली, तर प्रश्न विचारायला आता निवडून दिलेलं कोण आहे? आमच्या पिढीतल्या कितीतरी पदवीधरांना हा बदल झाला हेही माहीत नाही.

‘फी एसआयपीत टाका, मुलांना कामाला लावा’

हा सल्ला घरात कोणावर चालतो ते पाहा. ज्या घरांतून हा मेसेज येतो त्यांतल्या मुलग्यांपैकी एकाचंही कॉलेज थांबलेलं मला माहीत नाही. एक तर कॅनडाच्या व्हिसासाठी थांबलाय. शिक्षण थांबतं ते मुलीचं. ‘डिग्रीला कोण विचारतंय हल्ली, घरी राहून मेंदीचा, केकचा कोर्स कर, पैसे लग्नाला येतील.’ माझ्याकडे प्रवेशाचा फॉर्म भरून घ्यायला आलेल्या एका मुलीच्या मावशीनं मला फोनवर हाच मेसेज वाचून दाखवला होता. मुलगी शेजारी मार्कशीट धरून उभी होती.

देशात 2021-22 मध्ये उच्च शिक्षणात 4.33 कोटी विद्यार्थी होते, त्यांत 2.07 कोटी मुली. 18 ते 23 वयोगटाच्या तुलनेत मुलींच्या नोंदणीचं प्रमाण 28.5 टक्के, मुलग्यांचं 28.3. इथवर यायला आपल्या आज्यांपासून तीन पिढ्या लागल्या. आणि अजूनही या वयातली शंभरातली सत्तर मुलं कॉलेजच्या बाहेरच आहेत, म्हणजे ‘सगळेच डिग्री घेत सुटलेत’ हेही खरं नाही.

फीचंच म्हणाल तर खाजगी कॉलेजची लाखांतली फी आणि सरकारी कॉलेजातली बीए-बीएस्सीची काही हजारांतली फी एकाच तराजूत घालू नका. खाजगीत कर्ज काढून जायचं की नाही, यावर जरूर दहादा विचार करा. तिथे मेसेजाची भीती रास्त आहे. पण सरकारी कॉलेजची वर्षाची फी एसआयपीत टाकून त्या मुलीचं आयुष्य उभं राहण्याइतके पैसे होणार नाहीत.

ज्यांना ती फीही जड जाते त्यांच्यासाठी मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना आहे. घरचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत हवं आणि बारावीत 80 पर्सेंटाइल. इथे दरवर्षी एक घोळ होतो: पालक ‘80’ वाचतात, मुलीला 68 टक्के आहेत म्हणून फॉर्मच भरत नाहीत. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत; शंभरातल्या किती मुलांपेक्षा तुम्ही पुढे आहात तो आकडा. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर पर्सेंटाइल रँक वेगळा छापलेला असतो, आणि 68 टक्के मिळालेल्या मुलीचा तो 80 च्या वर असू शकतो. मार्कशीट काढा आणि तो रकाना बघा. असेल तर उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, कारण प्रवेशाच्या दिवसांत त्या रांगेत दोन-दोन दिवस जातात.