उतरताना बघा

काल रात्री जेवणं आटोपल्यावर घरात हिंदीतला एक डान्स रिअ‍ॅलिटी शो लागला होता. लेक बघत होती, मी ओटा आवरत होतो. एका ग्रुपने मनोरा केला, वरच्या पोराने हवेत उलटी कोलांटी घेतली आणि नेमक्या त्याच क्षणी कॅमेरा परीक्षकांच्या तोंडावर. आ वासलेलं तोंड. मग दुसऱ्या परीक्षकाचं तोंड. मग प्रेक्षकांतल्या कुणाच्या तरी आईचे डोळे. पोरगं खाली आलं का, कसं आलं, कुणी झेललं, पत्ता नाही. नंतर स्लो मोशनमध्ये परत दाखवलं, तेही तीनदा. तिन्ही वेळा फक्त उडी.

"अरे झेल दाखवा की!" मी ओट्याजवळूनच ओरडलो.

लेक म्हणाली, "बाबा, तू डान्स बघतच नाहीस. तू क्रिकेट बघतोस."

तिचं अगदीच चूक नाही. मी पंधरा वर्षं गोविंदा पथकात होतो, तेही सगळ्यात खालच्या थराला. त्यामुळे माणसांवर माणसं चढलेली दिसली की माझी नजर वर जातच नाही. खाली जाते. कुणाचे पाय कसे रोवलेत, कुणाची मान आत आहे, कोण उगाच इकडेतिकडे बघतोय. दहीहंडीत लोक थर मोजतात. सात लागले, आठ लागले, टाळ्या. पण थर लावणं हे अर्धंच काम. थर उतरवणं हे खरं काम, आणि त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही, कारण तोवर डीजे सुरू झालेला असतो.

आमच्या पथकाचा एक किस्सा सांगतो, नाव सांगत नाही. सहा थर लागले, वरच्या पोराने सलामी दिली, मैदान पेटलं. आणि आमच्यातच बाहेरच्या कड्यावर उभे असलेले दोघंतिघं हात वर करून नाचायला लागले. थर अजून उभा होता! त्यांचे हात निघाले तसे मधले दोघं हलले, आणि तिसऱ्या थरातला एक जण उतरायच्या ऐवजी कोसळला. मनगट मोडलं, निभावलं. आमच्या मास्तरांनी त्या दिवशी कुणाला शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "शेवटचा माणूस जमिनीवर येईपर्यंत आपली हंडी फुटलेली नाही." त्या दोघंतिघांत मीही होतो.

तर, लेकीला म्हटलं, थांब, तुला झेल दाखवतो. मोबाइलवर तिला आमच्या शेजारच्या पोरांचे व्हिडिओ लावून दिले. शेजारची म्हणजे वसईची. आम्ही नालासोपाऱ्याला राहतो, त्यामुळे एवढा हक्क सांगायला हरकत नाही. 'किंग्ज युनायटेड', म्हणजे सुरेश मुकुंदची टीम. २०१५ साली सॅन दिएगोच्या जागतिक हिपहॉप स्पर्धेत कांस्यपदक, आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवरच्या 'वर्ल्ड ऑफ डान्स'चं विजेतेपद. तिथे त्यांचं नाव नुसतं 'द किंग्ज' होतं. बक्षीस दहा लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सात कोटींच्या घरात. माणसं चौदा.

तो शो मला आवडला तो त्याच्या गुणांच्या पद्धतीमुळे. समोर जेनिफर लोपेझ, नी-यो आणि डेरेक हफ. गुण पाच गोष्टींना, प्रत्येकी २०. सादरीकरण, तंत्र, नृत्यरचना, कल्पकता आणि मांडणी. 'तुमचा प्रवास किती खडतर' याला एकही गुण नाही. खडतर प्रवासाची चित्रफीत तिकडेही दाखवतात, ते काही आपल्यापेक्षा फार सोवळे नाहीत, पण ती गुणपत्रिकेत शिरत नाही. आणि अंतिम फेरीत आपल्या पोरांनी १०० पैकी १०० घेतले.

ते शंभर कुठून आले, हे बघायचं असेल तर वर उडणाऱ्याकडे बघू नका. उडणारा एक असतो, बाकीचे तेरा काय करतायत ते बघा. झेलणारे चौघं आधीपासून हात पसरून उभे राहत नाहीत, कारण तसं केलं तर पुढे काय होणार ते प्रेक्षकाला कळतं. ते नाचत असतात. पाठमोरे असतात. आणि अगदी शेवटच्या ठोक्याला वळतात, तोवर माणूस हवेत सुटलेला असतो. झेलला की थांबत नाहीत, एकमेकांकडे बघून हसत नाहीत, छाती बडवत नाहीत. तोच झेल पुढच्या हालचालीची सुरुवात असतो. आलेल्या माणसाचा जोर ते जिरवत नाहीत, वळवतात. मी पंधरा वर्षं खांद्यावर वजन घेतलंय म्हणून सांगतो, वरून येणारं वजन नुसतं थोपवायला गेलात तर खांदा जातो. त्याच्याबरोबर थोडं खाली जावं लागतं. या पोरांचे गुडघे बघा, सगळ्यांचे गुडघे एकाच वेळी आणि एकाच मापाने वाकतात. चौदा जणांची उंची वेगळी, वजन वेगळं, आणि तरी गुडघे एका मापाने. हे देवाने दिलेलं नसतं. हे रात्री अकरा वाजता, सगळे घामाने निथळत असताना, कुणीतरी "परत" म्हटल्याने येतं.

लेकीने तो व्हिडिओ चार वेळा बघितला. तिसऱ्या वेळेला ती मला दाखवत होती, "बाबा, हा बघ, हा मागे कधी गेला?"

इथे एक शब्द मला बरेच दिवस खुपतोय. आपल्याकडे 'तो फार प्रोफेशनल आहे' हे निम्म्या वेळा कौतुक नसतं. म्हणजे तो पैसे आधी मागतो, गप्पा मारत बसत नाही, लग्नात फुकट नाचत नाही. नाटकवाल्यांकडे निदान 'व्यावसायिक' आणि 'हौशी' असे सरळ दोन शब्द आहेत आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. व्यावसायिक म्हणजे तिसरी घंटा वेळेवर होणार, नटाला ताप असला तरी पडदा वर जाणार, आणि शंभराव्या प्रयोगाला आलेल्या माणसाला पहिल्या प्रयोगाइतकंच मिळणार. टीव्हीवरच्या नाचाबद्दल बोलताना मात्र आपण हा शब्दच विसरतो. तिथे सगळे एकतर 'गॉड गिफ्टेड' असतात नाहीतर 'पॅशनेट'.

किंग्ज जिंकले तेव्हा आमच्या गाडीत एक जण म्हणाला, "विरार लोकलला लटकून बॅलन्स शिकले असतील." सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य मला नंतर अजिबात आवडलं नाही. विरार लोकलला लाखो लोक लटकतात. त्यातून खांदेदुखी येते, शंभर गुण येत नाहीत. गरिबी, गर्दी, छोटी खोली यातून कला आपोआप उगवत असती तर आमच्या अख्ख्या नालासोपाऱ्यात ट्रॉफ्या ठेवायला जागा उरली नसती.

'व्ही अनबीटेबल'च्या बाबतीत हेच झालं. मुंबईची ही पोरं २०१९ च्या 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये चौथी आली आणि २०२० च्या फेब्रुवारीत त्याच शोची 'चॅम्पियन्स' आवृत्ती जिंकली. तिथे त्यांची ओळख कायम वस्तीतली पोरं अशीच करून दिली गेली. खरंच होतं ते, आणि ती पोरं स्वतःही सांगायची. पण मला त्यांच्या बाबतीत आठवते ती पाठ. शर्टाच्या पाठीवर 'विकास' लिहिलेलं असायचं. विकास त्यांचा साथीदार. सरावात पडला आणि त्या दुखापतीतून वाचला नाही. ग्रुपच्या नावातला 'व्ही' त्याचाच.

हे ऐकल्यावर लोक हळवे होतात. मी गोविंदा असल्यामुळे मला दुसरंच काही दिसतं. असा अपघात झालेला ग्रुप एकतर तिथेच मोडतो, नाहीतर उड्या सोडून देतो. यांनी दोन्ही केलं नाही. ते पुन्हा त्याच उंचीवर गेले, आणि जाताना हे नाव पाठीवर घेऊन गेले, म्हणजे खाली झेलायला उभा असलेला प्रत्येक जण समोरच्याच्या पाठीवर ते वाचत असणार. त्यांच्या नाचात माणसं अक्षरशः भिरकावली जातात, आणि तरी बघताना मला पोटात गोळा येत नाही. आमच्याकडच्या कित्येक सहा थरांच्या सलाम्या बघताना मात्र येतो.

दहीहंडीचं कोर्टकचेरीत खूप झालं. उंचीवर मर्यादा आली, मग गेली, वयाची अट राहिली, २०१७ पासून चौदाच्या आतल्या पोरांना वर चढवायला बंदी आहे. या सगळ्या वादात उतरण्याबद्दल कुणी बोलल्याचं निदान माझ्या कानावर आलं नाही. बक्षीसही थरांच्या आकड्यावर लागतं. अमुक थर लावा, इतके लाख घ्या. नीट उतरा, आणखी इतके घ्या, असा बोर्ड मी तरी ठाण्यापासून दादरपर्यंत कुठे पाहिलेला नाही. एखाद्या आयोजकाने लावून बघावा, पथकांचा सराव आठ दिवसांत बदलेल.

आणि वाहिन्यांना एक विनंती, फार नाही. तुमचे नृत्यदिग्दर्शक उत्तम आहेत, पोरं जीव तोडून करतात, कॅमेरे पंधरा-वीस असतील. त्यातला एक, फक्त एक, खालच्यांवर ठेवा आणि दोन मिनिटं हलवू नका. परीक्षकांचे आ वासलेले चेहरे आम्हाला पाठ झालेत. 'बूगी वूगी'च्या जमान्यात, सोनीवर १९९६ साली तो सुरू झाला तेव्हा, इतके कॅमेरे नव्हते, त्यामुळे नाच निदान डोक्यापासून पायापर्यंत दिसायचा असं मला आठवतं. वय झालं की सगळं जुनं बरं वाटतं हेही मला मान्य आहे.

रात्री झोपायच्या आधी लेकीने विचारलं, "तू कितव्या थराला होतास?"

"पहिल्या."

"म्हणजे दिसतच नसशील."

मग कपाटावरची पिशवी काढली. २००३ चा फोटो आहे, पेपरात आलेला. वरची तिघं स्वच्छ ओळखू येतात. खाली, डाव्या कोपऱ्यात, एक खांदा आहे. तो माझा आहे असं मी म्हणतो. शेजारचा म्हणतो त्याचा. बावीस वर्षं हा वाद चालू आहे.