कर नाही त्यालाही डर असतो

जानेवारी सरत आला की शिक्षकांच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो: 'कॉपी करणारा विद्यार्थी कसा ओळखावा'. तो सारखी मान वर करतो, नजर चुकवतो, त्याला घाम फुटतो, तो चुळबुळ करतो. आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'कर नाही त्याला डर कशाला?' यंदा मला तो चार ठिकाणांहून आला. त्याखाली पसंतीचे अंगठे टाकणारे माझेच सहकारी. बारावीच्या पेपरांना वीसेक वर्षं सुपरव्हिजन करते आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ती मान. आठवायला लागलं की माणूस कागदाकडे बघत नाही. पंख्याकडे बघतो, खिडकीबाहेर बघतो. मानसशास्त्रज्ञ आर्थर ग्लेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे प्रयोगांतून दाखवलं: प्रश्न अवघड होत जातो तशी नजर जास्त वेळा दुसरीकडे वळते, आणि डोळे मिटून घेतले तर उत्तरं जास्त बरोबर येतात. म्हणजे मान वर करणं हा पेपर लिहिण्याचाच भाग झाला. पण मुलांनाही तो मेसेज ठाऊक असतो. त्यामुळे साधं आठवणंसुद्धा त्यांना वठवून दाखवावं लागतं. नीट बघा एकदा. मान थेट छताकडे, मला दिसेल अशी, ओठ पुटपुटते, पेनाचं टोपण कपाळावर. डावीउजवीकडे चुकूनही नाही. मान अवघडली तर आधी माझ्याकडे बघून कसनुसं हसायचं, मग मोडायची. पुरवणी हवी असेल तर हात इतका उंच, जणू झेंडावंदन चाललंय.

नजर चुकवण्याचं थोडक्यात सांगते. माणूस खोटं बोलतोय की खरं, हे नुसतं बघून-ऐकून कितपत ओळखता येतं, यावरचे ढीगभर अभ्यास बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एकत्र केले. अंदाज बरोबर येण्याचं प्रमाण सरासरी ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०. आमच्या स्टाफरूममधला प्रत्येक जण मात्र 'मला डोळ्यांवरून कळतं' असंच सांगतो. (मीही सांगायचे.)

घामाबद्दल काय बोलायचं? पत्र्याच्या खोलीत, मार्चच्या दुपारी, अकरा ते दोन-दहा बसून ज्याला घाम येत नाही त्याला आधी दवाखान्यात न्यावं.

उलट सराईत पोरगं या सगळ्या खुणा टाळून बसतं. मी पकडलेल्यांपैकी एकाने अर्धा तास आधी थेट माझ्या डोळ्यांत बघून विचारलं होतं, "मॅडम, किती वाजले?" आवाज अगदी स्वच्छ. चिठ्ठी मोज्यात होती. मला ती सापडली ती त्याच्या चेहऱ्यावरून नव्हे, तर एकाच पायाचा मोजा चपटा दिसत नव्हता म्हणून.

आता ती म्हण. डर कशाला? कारण संशय घेणारे आम्ही, आणि वर्ष जाणार समोर बसलेल्या मुलीचं. १९८२ पासून राज्यात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा आहे, दारात बैठं पथक, केव्हाही भरारी पथक. या व्यवस्थेला माझी हरकत नाही. पण तिच्यासमोर बसलेल्या प्रामाणिक मुलीला दोन पेपर द्यावे लागतात: एक फिजिक्सचा, दुसरा आपण कॉपी करत नाही हे दाखवण्याचा. डॅनियल आणि शेरिल अल्बास या समाजशास्त्रज्ञांनी १९९३ साली कॅनडातल्या विद्यार्थ्यांबद्दल नेमकं हेच मांडलं. संशय येऊ नये म्हणून तिथली मुलं नियम गरजेपेक्षा जास्त काटेकोर पाळून दाखवतात, डोळे आवरतात, टिपणं लांब ठेवतात, बसायची जागासुद्धा विचार करून निवडतात. आमच्याकडे बैठक क्रमांक ठरलेला, त्यामुळे जागेची सोय नाही. बाकी सगळं ओळखीचं.

म्हणजे त्या मेसेजप्रमाणे वागायचं तर धडपडणारी, बावरलेली मुलं आधी उठवायची आणि शांत बसलेल्या मोजेवाल्याला सोडून द्यायचं.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. मी न सांगताच तिने कंपासपेटी बाकावर रिकामी केली, पॅड उलटंसुलटं करून दाखवलं, ओढणीचे पदर झटकले. तासाभराने तिचं रबर खाली पडलं, मागच्या मुलाच्या पायाशी. ती वाकली नाही. हातही वर केला नाही. चुकलेल्या आकृतीकडे बघत दोन्ही तळवे बाकावर सपाट ठेवून बसून राहिली, मी जवळ येईपर्यंत. मीच रबर उचलून दिलं. तिने आधी त्याच्या दोन्ही बाजू मला दाखवल्या, मग खोडायला घेतलं.