एका फेरीचे दोन कागद

एकाच फेरीचे दोन कागद समोर घेऊन बसलोय. एक, घाटात वेगमर्यादा ओलांडल्याचं ई-चलन. दुसरा, माल उशिरा पोचला म्हणून माल पाठवणाऱ्या पार्टीनं भाड्यातून केलेली कपात. गाडी तीच, ड्रायव्हर तोच. म्हणजे आमचा दहाचाकी ट्रक, ही एकच गाडी, एकाच रात्री जोरातही पळाली आणि उशिराही पोचली!

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, भरून न्हावाशेवा बंदर. सकाळी नऊला गाडी कारखान्याच्या गेटवर लावली. आधी माल तयार नव्हता, मग क्रेन रिकामी नव्हती, मग सही करणारे साहेब जेवायला गेलेले. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात पडली संध्याकाळी सातला. दहा तास गाडी खोटी झाली, म्हणजे नुसती अडकून पडली, त्याचा एक रुपया कुणी धरला नाही. वर सुपरवायझर आमच्या ड्रायव्हर मामांना सांगतो, "पहाटे चारच्या आत लागली पाहिजे, कट-ऑफ आहे." म्हणजे बंदरात माल आत घ्यायची शेवटची वेळ. गाडी लागली साडेपाचला.

मी स्वतः आठ वर्षं स्टेअरिंगवर होतो. वेगमर्यादेला माझा विरोध नाही. धंद्यातले काही मित्र चिडतील, चिडू देत. 2015 च्या नियमानं मालवाहू गाड्यांना ताशी 80 च्या वर वेग जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर आला, टँकर आणि डंपरला 60 चा. आरटीओच्या पासिंगपुरता बसवायचा आणि नंतर वायर काढून टाकायची, हे उद्योग आपल्यातच चालतात ना? भरलेली गाडी 80 च्या वर नेऊन मिळतं काय? साठ-पासष्टला जे ॲव्हरेज पडतं, ते 80 ला पडत नाही, हे कुठलाही जुना ड्रायव्हर सांगेल. राहिला बोरघाट. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कॅमेरे लागले तेव्हा तिथल्या जड गाड्यांच्या 40 च्या मर्यादेवरून आमच्यात आरडाओरडा झाला. पण हिशेब करा. दहा किलोमीटरचा उतार 40 ऐवजी 60 नं उतरलात तर वाचतात पाच मिनिटं. गेटवर गेले दहा तास. कॅमेरा घाटात आहे, गेटवर नाही.

आता डिझेल. शिरोली ते न्हावाशेवा जाऊन-येऊन सातशे किलोमीटर धरा, ॲव्हरेज लिटरला चार, म्हणजे पावणेदोनशे लिटर. लिटरला तीन रुपये वाढले की फेरीमागे सव्वापाचशे गेले. महिन्यात आठ फेऱ्या मारल्या तर एका टायरच्या हप्त्याची वाट लागते. ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईत डिझेल शंभरीपार गेलं, तेव्हा भाडं वाढवून मागितलं तर उत्तर होतं, "पुढच्या महिन्यात बघू." 4 नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, केंद्रानं डिझेलवरचं उत्पादन शुल्क दहा रुपयांनी उतरवलं. पाडव्याला सकाळी फोन! शुभेच्छा दोन वाक्यांत उरकल्या आणि लगेच, "आता रेट कमी करा." मोठ्या ट्रान्सपोर्टरांच्या करारात डिझेलप्रमाणे भाडं वर-खाली करायचं कलम असतं. दोन गाड्यांच्या मालकाला दलाल फोनवर आकडा सांगतो, तोच करार. डिझेल जीएसटीच्या बाहेर, त्यामुळे त्यावरच्या कराची वजावटही नाही. जुलै 2018 मध्ये देशभर आठ दिवस चाकं थांबली, त्यातही डिझेल जीएसटीत घ्या ही मागणी होतीच. डिझेल अजून बाहेरच आहे.

हे सगळं शेवटी उतरतं कुठं? पुण्यात, कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर. आमची गाडी आठवड्यातून दोनदा तिथून जाते. डिझेल वाचवायला तिथं गाड्या न्यूट्रलमध्ये सोडतात. मग नुसत्या ब्रेकवर सगळं वजन येतं, ड्रम तापतात, वास सुटतो, आणि ब्रेक लागेनासे होतात. 20 नोव्हेंबर 2022 ला त्याच उतारावर एका ट्रकनं एकापाठोपाठ कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या. गंमत म्हणजे नव्या इंजिनात न्यूट्रलनं काहीच वाचत नाही. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की डिझेल आपोआप बंद होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. मामांना हे पटायला मला दोन वर्षं लागली. ते म्हणायचे, "मालक, लिटरचा हिशेब तुम्हीच मागता की." खरं होतं. ॲव्हरेज कमी पडलं की भत्त्यातून कापायचो मी. आता कापत नाही.

चलन भरून टाकलं, चूक ती चूक. कपातीसाठी गेटवरच्या नोंदीचा फोटो पाठवलाय, आत नऊ, बाहेर सात. चार दिवस झाले, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. गाडी आज परत त्याच गेटवर उभी आहे, सकाळपासून.