‘दिआ दे मुएर्तोस’ शुद्ध अझ्टेक सण आहे काय?

ऑक्टोबर सरत आला की मेक्सिकोच्या ‘दिआ दे मुएर्तोस’ या मृतांच्या सणाविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर हमखास फिरू लागतो. हा तीन हजार वर्षे अखंड चालत आलेला शुद्ध अझ्टेक (स्पॅनिश लोक येण्यापूर्वी मेक्सिकोत राज्य करणाऱ्या लोकांचा) सण असून स्पॅनिश लोकांनी त्याला केवळ आपली नावे चिकटवली, कात्रिना ही त्याची मृत्युदेवता आहे आणि मेक्सिको सिटीतील मिरवणूक त्याच परंपरेतली आहे, असे त्यात ठासून सांगितलेले असते.

काळाचा हिशेब तर लगेच कोलमडतो, कारण अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान वसली तीच मुळी १३२५च्या सुमारास. त्यांच्याकडे मृतांचे उत्सव होते, हे खरे. परंतु १ आणि २ नोव्हेंबर या तारखा ‘तोदोस लोस सान्तोस’ (सर्व संत) आणि ‘फिएलेस दिफुन्तोस’ (दिवंगत श्रद्धाळू) या कॅथलिक दिवसांच्या आहेत. पहिल्या दिवशी ‘आंखेलितोस’, म्हणजे लहानपणी वारलेली मुले, घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी मोठी माणसे, अशी समजूत आहे.

‘केवळ नावे चिकटवली’ हा दावा तपासायचा, तर ‘ओफ्रेन्दा’, म्हणजे मृतांसाठी घरात मांडलेली आरास, नीट पाहावी. तिच्यावरचे ‘सेम्पासूचिल’ हे फूल आणि ‘कोपाल’ हा धूप, दोन्ही शब्द अझ्टेकांच्या नावाट्ल भाषेतून आलेले. (हे फूल म्हणजे आपला झेंडू, दसऱ्याच्या तोरणातल्या या फुलाचे माहेर मेक्सिको आहे.) शेजारचा ‘पान दे मुएर्तो’ हा पाव मात्र गव्हाचा, आणि गहू व ऊस दोन्ही त्या भूमीत स्पॅनिश लोकांबरोबर आले, म्हणजे आराशीतल्या साखरेच्या कवट्यासुद्धा त्यानंतरच्याच. त्या ज्या मिठाईत मोडतात तिचे नाव ‘आल्फेन्यिके’ तर अरबी आणि फारसी वाटेने थेट संस्कृतातल्या ‘फाणित’ या उसाच्या आटवलेल्या रसापर्यंत पोहोचते. उलट, सगळेच स्पॅनिश आहे असेही म्हणता येत नाही : युकातानमधील माया लोक या सणाला आपल्या भाषेत ‘हानाल पिशान’ म्हणतात, तर वास्तेका प्रदेशातील ‘शान्तोलो’ हे नाव लॅटिन ‘सांक्तोरुम’ (संतांचा) स्थानिक जिभेवर वळून झालेले आहे. अशा सरमिसळीत शुद्धता शोधणे व्यर्थ आहे.

कात्रिना देवता नव्हे. ते व्यंगचित्र आहे. होसे ग्वादालूपे पोसादा (मृत्यू १९१३) या मेक्सिकन व्यंगचित्रकाराने आपले मूळ लपवून युरोपीय थाट मिरवणाऱ्यांची टर उडवण्यासाठी फॅशनेबल टोपीतली ही कवटी कोरली, आणि पुढे चित्रकार दिएगो रिवेराने १९४७च्या भित्तिचित्रात तिला अंगभर पोशाख दिला. अझ्टेकांची खरी मृत्युदेवता मिक्तेकासिवात्ल. तिच्या डोक्यावर फ्रेंच धाटणीची टोपी कुठून येणार?

राहिली मिरवणूक. मेक्सिको सिटीतील ती भव्य मिरवणूक २०१६ साली सुरू झाली, आणि तिची कल्पना सुचली ती आदल्या वर्षीच्या जेम्स बॉन्डपटातील काल्पनिक मिरवणुकीवरून.