आउटरला उभी गाडी

भुसावळात बर्फ दिसतो तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. नाहीतर लग्नाच्या मांडवात, पाण्याच्या पिंपात तरंगताना. तोही मे महिन्यात, पारा ४५ला टेकला की. आमचं बर्फाशी नातं ग्लासापुरतं. त्याच्यावरून माणसं शर्यत लावून पळतात, उतारावर पळतात ते एक वेळ समजू, पण चढावरही पळतात, हे मला वयाच्या ६८व्या वर्षी कळलं. कारण माझा १४ वर्षांचा नातू तेच करतो.

मुलगी-जावई अमेरिकेत, मिनेसोटात. तिथल्या पोरांच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या टीममध्ये नातवाने नाव घातलं. जानेवारीत मुलीचा फोन आला, "बाबा, शनिवार-रविवार दोन रेस आहेत. मी व्हिडिओ कॉल लावते, तुम्ही दोघं बघा. शनिवारची सकाळी दहाला आहे." तिकडे सकाळी दहा म्हणजे इकडे रात्रीचे साडेनऊ. रेल्वेत कंट्रोलरच्या खुर्चीत ३४ वर्षं रात्री जागवल्या, त्याचा वचपा म्हणून निवृत्त झाल्या दिवसापासून मी नऊला झोपतो. पण हे बोलायची सोय नव्हती. बायकोने 'बघा' या शब्दाचा अर्थ तोवर लावूनही टाकला होता: भरीत.

खानदेशात हिवाळ्यात दोन माणसं कुठल्याही कारणाने जमली की तिसरं वांगं असतंच. बामणोदची वांगी आली, मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजली गेली, लाकडी बडगीत ठेचली गेली. रेस ५ किलोमीटरची, वांगी ६ किलो. बघायला शेजारचे तात्या आले, ज्यांचे रावेरकडे केळीचे बाग आहेत. त्यांच्यासोबत अक्का. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पोरगा मोबाइल टीव्हीला जोडायला आला, आणि त्याचे दोन मित्र पुऱ्यांना.

"अण्णा, ही स्की म्हणजे नेमकी काय भानगड?" तात्यांनी विचारलं.

मी चार दिवस अभ्यास करून बसलो होतो. म्हटलं, "नॉर्वेकडचा जुना शब्द आहे. अर्थ, चिरलेलं लाकूड."

"म्हणजे सरपणच की!"

मग मी त्यांना त्या सरपणाची थोरवी सांगितली. सन १२०६. नॉर्वेत यादवी चालू. दोन शिपाई दीड-दोन वर्षांच्या हाकोन राजपुत्राला अंगाशी धरून स्कीवरून डोंगर ओलांडून गेले. पुढे तो राजा झाला. त्याची आठवण म्हणून आजही तिकडे मोठी शर्यत होते आणि पळणाऱ्याला पाठीवर साडेतीन किलोची पिशवी वाहावी लागते, पोराऐवजी. सगळे गंभीर झाले. बायकोचं माहेर अमळनेर, जीव गलबलला की ती अहिराणीत शिरते. म्हणाली, "डोकाले काही बांधेल व्हतं का त्या पोरनं?"

खरी गंमत मेणाची आहे. त्या फळीला मधे किंचित कमान असते. पुढच्या-मागच्या टोकांना घसरायचं मेण लावायचं आणि मधे, पायाखाली, धरून ठेवायचं. पाय दाबला की कमान बसते, मधलं मेण बर्फाला धरतं, त्यावर रेटा देऊन पुढे जायचं. पाय सैल सोडला की कमान उचलली जाते आणि फळी सुळकन घसरते. एकाच लाकडाने घसरायचंही आणि घसरायचं नाहीही. बाकीच्यांना हे पटेना, मला मात्र पहिल्या झटक्यात कळलं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर गुळगुळीत पळतं, म्हणून तर एक इंजिन हजारो टन माल ओढतं. पण चढ लागला आणि रुळावर दव पडलेलं असलं की तेच चाक जागच्या जागी गरगरतं. म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. ड्रायव्हर चाकापुढे वाळू सोडतो आणि गाडी चढ चढते. नातवाच्या पायाखालचं मेण म्हणजे ती वाळू. फरक इतकाच की वाळू बारमाही असते. मेण बर्फाच्या तापमानावर निवडायचं. चुकलं तर पाय मागे जातो, नाहीतर फळीला बर्फाचे गोळे चिकटून बसतात.

"म्हणजे खापर तापलं का नाही बघून मांडा टाकतो, तसं," बायको म्हणाली. आमच्या ३४ वर्षांच्या रेल्वेला तिने एका मांड्यात गुंडाळलं.

हे सगळं करायला जावई पहाटे चारला उठून गॅरेजात इस्त्री घेऊन बसला होता. घसरायचं मेण इस्त्रीने वितळवून लावतात. हाच गृहस्थ स्वतःच्या साखरपुड्याला चुरगळलेल्या शर्टात आला होता. असो.

साडेनऊ वाजले. मुलीचा चेहरा टीव्हीवर आला, म्हणजे डोळे आले, बाकी लोकर. "बाबा, रेस तासभर पुढे ढकललीय. उणे २२ आहे. उणे २०च्या खाली सोडत नाहीत."

मी मागे वळून जाहीर केलं, "गाडी आउटरला उभी आहे." म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला अडकलीय, कधी सुटेल सांगता येत नाही. भुसावळात एवढं पुरतं. सगळे मांडी बदलून बसले.

तात्यांनी मात्र पुरी ताटात ठेवली. "उणे?" त्या रात्री रावेरला ९ होतं आणि तेवढ्यावर तात्यांना चार दिवस झोप नव्हती. पारा १०च्या खाली गेला की केळीला चरका बसतो. पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, घड बाहेर पडता पडता अडकतो. मग हे रात्री बागेला पाणी सोडतात, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. केळीच्या विम्यात कमी तापमानाचीही भरपाई असते, पण थंडी सलग काही दिवस टिकली तर.

"पोरांचा विमा काढलाय का?" तात्यांनी थेट मिनेसोटाला विचारलं.

"काढलाय, तात्या."

"किती दिवस सलग लागतं?"

मुलीला प्रश्न कळला नाही. तिने विषय बदलायला फोन फिरवून मैदान दाखवलं आणि आम्ही सगळे चाट पडलो. चहूकडे वाळकं, मातकट गवत आणि मधून पांढरा पट्टा. बस. यंदा थंडी आहे पण बर्फच पडला नाही म्हणे. मशीननी पाणी फवारून अडीच किलोमीटरचा गोल पट्टा केलाय, त्यावरूनच पोरांना दोनदा फिरवणार.

"दुष्काळ!" तात्या एकदम उजळले. "म्हणजे टँकर लावलाय!" ढग आहेत आणि पाऊस नाही, हे खानदेशी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या क्षणापासून मिनेसोटा हा तात्यांच्या हिशोबी आपल्याकडचाच एक तालुका झाला. पाणी कुठून आणतात, वीज कोण भरतं, पंचायतीचं काही मिळतं का, सगळी चौकशी झाली.

मी मात्र टीव्हीला नाक लावून उभा होतो. त्या पट्ट्यात यंत्राने दोन-दोन खाचा पाडल्या होत्या, समांतर, वळणाला वळलेल्या. रूळच ते! गेज तेवढा लहान, आमच्या पाचोरा-जामनेरच्या पीजे या छोट्या रेल्वेपेक्षाही अरुंद. मागून जोरात येणाऱ्याने "ट्रॅक!" म्हणून ओरडायचं आणि पुढच्याने खाच सोडून बाजूला व्हायचं, असा शिरस्ता आहे, मुलगी म्हणाली. मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, आणि मेल थ्रू. मला भरून आलं.

साडेदहाला आणखी एक तास पुढे. भरीत संपलं. साडेअकराला एकदाची सुटली. सगळी पोरं एकदम सोडत नाहीत, दर १५ सेकंदांना एक. घड्याळ प्रत्येकाचं वेगळं. मी १५ सेकंदांच्या अंतराने गाड्या सोडल्या असत्या तर आज पेन्शन खात बसलो नसतो. बायकोला ही पद्धत अजिबात मान्य नव्हती. "मग पुढे कोण शे ते कसं समजाचं?" समजत नाही. शेवटी कागद लागतो, त्यात बघायचं.

नातू निघाला आणि झाडीत गेला. मुलगी एका वळणावर उभी. त्यानंतर १० मिनिटं टीव्हीवर एक झाड होतं. पान नाही, पाखरू नाही. सात माणसं मध्यरात्री ते झाड बघत होती. अक्का म्हणाल्या, बाभळीसारखं वाटतं. तात्यांनी मधेच विचारलं, आपल्याकडचं कोणी खेळतं का हे? म्हटलं, खेळतं तर. २०१८च्या ऑलिंपिकमध्ये, कोरियात, जगदीश सिंग १५ किलोमीटर पळाले होते. "उणे मधे?" तात्यांचा काटा उण्यावरून हलत नव्हता.

आणि अचानक बायको किंचाळली, "उना! उना रे उना!" म्हणजे आला.

चार सेकंद. काळा चट्टेरी पोशाख, नाकापर्यंत फडकं, पापण्यांवर बर्फ, छातीवर ४७.

"गया," अक्का म्हणाल्या.

पण काय गेला! ऐटीत, लांब टांगा टाकत. पुढच्या दोघांना मागे टाकून. "चाल बघितली? थेट माझ्या भावाची," बायको म्हणाली. मेव्हणा अमळनेरला किराणा दुकानात बसतो. तो कधी चालताना मी पाहिलेला नाही. तरी आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला ४७ने आणखी तिघांना काढलं. तात्या उभे राहून ओरडत होते, "दे रे भो! दे!" समोरच्या घरात दिवा लागला.

तेवढ्यात मुलीचा आवाज आला, "बाबा, हा बघा आपला आला!"

टीव्हीवर भलताच मुलगा होता. नंबर ६१. चढावर त्याचा एक पाय पुढे जाई आणि दोन्ही मागे येत. शेवटी त्याने फळ्या बदकासारख्या फाकवल्या आणि तो चक्क चालायला लागला. "माय व! काबर पडना?" बायको ओरडेपर्यंत तो खरंच पडला आणि टीव्ही काळा झाला. थंडीत मोबाइलची बॅटरी जीव सोडते.

निकाल पाऊण वाजता जावयाच्या फोनवरून कळला. ५२ पोरांत ३९वा. नातू फोनवर एवढंच म्हणाला, "आजोबा, मेण घसरलं." मागून जावयाचा हूं की चूं नाही. मी त्याला इंजिनातली वाळू समजावून सांगितली. तो म्हणाला, "आजोबा, ट्रॅकवर वाळू टाकली तर मला काढून टाकतील."

रविवारी रेस नऊला, म्हणजे आमच्याकडे साडेआठ. माणुसकीची वेळ. शनिवारी जो जितका मागे राहिला, तो रविवारी तितकाच उशिरा सुटणार; काल लेट आलेली गाडी आज लेटच निघणार, यात मला नवीन काही नव्हतं. आज खाचाही नव्हत्या. पाय आळीपाळीने बाहेर फेकत, घसरपट्टीवर धावल्यासारखं जायचं. रूळच नाहीत म्हटल्यावर माझा रस निम्मा झाला. शिवाय तात्या नव्हते. पारा ८वर आला होता आणि ते बागेत धूर करायला गेले होते. भाडेकरू पोराने त्यांना मोबाइलवर कॉलात घेतलं. टीव्हीच्या एका कोपऱ्यात मिनेसोटाचं झाड, दुसऱ्या कोपऱ्यात धूर आणि मफलर.

नातू बरा पळाला, ३६वा आला. या वेळी आम्ही बरोबर पोराला ओळखलं. मुलगी फोन बंद करणार, इतक्यात धुरातून तात्यांचा आवाज आला. "अण्णा, आपल्या ४७ला झालं काय? काल कसा वाघासारखा पळत होता. आज मुंगीसारखा चाललाय."

मग मी त्यांना सांगितलं की आपला ४७ कधीच नव्हता. आणि आजचा ४७ हा कालचा ४७सुद्धा नाही. आज कालच्या निकालाप्रमाणे नंबर वाटलेत. काल जो ४७वा आला, त्याच्या छातीवर आज ४७.

पलीकडे बराच वेळ नुसता काड्यांचा तडतड आवाज. सावकाश तात्या म्हणाले, "म्हणजे हा तिसराच."

"तिसराच."

"बरं. पण मुलीला म्हणावं, फोन बंद करू नको. अजून आउटरलाच आहे तो."