शटरची मोटर आणि आबांचा वायसर

आमच्याकडे गाडी बायको चालवते आणि गॅरेजचं शटर मी उचलतो. मालवणची खारी हवा पट्ट्यांना इतकी लागलीय की शटर अर्ध्यावर अडकतं. मग वाकून खांदा द्यायचा, आणि पागोळीचं पाणी नेमकं मानेत. मोटर बसवायची, यावर घरात प्रथमच एकमत झालं.

परवा कुडाळला दुकानात गेलो. सेल्समन पोरगा म्हणाला, "साहेब, तीनशे किलो उचलणारी दाखवू की पाचशे?" मी तोंड उघडणार, तोच काउंटरला टेकलेले एक आबा म्हणाले, "आदी गाडी खयची ती इचार."

आबा नळाचा वायसर न्यायला आले होते. वायसर कधीच मिळाला होता, हातातच होता. पण घरी जायची घाई नव्हती.

"वॅगन आर," मी म्हणालो. कुणाला सांगतोय हेच कळेना.

"घरात माणसां किती?"

"दोघंच."

"मगे एकान शटर उघडूचा, दुसऱ्यान गाडी काढूची. यंत्र कित्याक होया?"

पोरगा हसला. तेही एक वेळ चाललं असतं, पण त्याने कॅटलॉग माझ्यासमोरून उचलून आबांपुढे ठेवला! मी चिडून म्हणालो, "अहो, गाडी बायको चालवते." आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "म्हंजे भिजता तो तूच," ते म्हणाले, आणि मोटरीची गरज त्यांना एकदम पटली.

विजेवर गॅरेजचं दार उघडायची युक्ती सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत, इंडियाना राज्यात, १९२६ साली केली. शंभर वर्षं झाली की. पण इंडियानाला समुद्र नाही. आमच्या सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा, त्यात ही मोटर किती टिकेल, असं विचारलं तर पोरगा म्हणतो, "एक वर्ष वॉरंटी आहे." मी टिकण्याबद्दल विचारत होतो.

"आणि लाईट गेली तर?"

"साखळी असते ना साहेब. ओढायची."

"साखळी कुठे असते?"

"आतल्या बाजूला."

म्हणजे लाईट गेली, मी पावसात बाहेर, आणि साखळी गॅरेजात आत. आमच्या गॅरेजला दुसरं दारच नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर इकडची गावं दिवसेंदिवस अंधारात होती, तेव्हा हे काही कल्पनेतलं संकट नव्हे. त्यावर इलाज? बाहेरून किल्लीने सोडवायची सोय, नाहीतर बॅटरी. दोन्हींचे पैसे वेगळे.

आबा इतका वेळ गप्प होते, हेच आश्चर्य. आता त्यांनी वायसर बोटात अंगठीसारखा घातला आणि विचारलं, "शटर खाली येता, आणि बोको मदी गावलो तर?"

खरं सांगायचं तर दुकानातला एकमेव शहाणा प्रश्न हाच होता, आणि तो मी विचारला नाही याचा राग अजून गेलेला नाही. "सेन्सर येतो आबा," पोरगा अदबीने म्हणाला, "काही आडवं आलं की शटर थांबतं." मला साहेब, त्यांना आबा! "तो एक्स्ट्रा," पोरगा पुढे म्हणाला. अमेरिकेत घरगुती दारांच्या मोटरींना १९९३ पासून अशी सोय सक्तीची आहे. आपल्याकडे मांजर वाचवायचं की नाही हे गिऱ्हाइकाच्या खिशावर. मांजराचं सोडा, शेजारची पोरं त्याच शटराखालून धावतात. पण हे बोललो तर पोरगा म्हणणार, "साहेब, कोणी मागत नाही."

शेवटी त्याने हिशोब मांडला. फिटिंग वेगळं, वायरिंग वेगळं, सेन्सर वेगळा, बॅटरी वेगळी, जीएसटी वेगळा. जुन्या पट्ट्या गंजल्यात, त्या बदलल्याशिवाय मोटर लावणार नाही, म्हणजे तेही वेगळं.

आबांनी खोका उचलून कानाशी हलवून बघितला.

"मगे ह्येच्यात असा काय?"

"मोटर आणि दोन रिमोट."

"एक तुका, एक बायलेक," आबा मला म्हणाले. "घे, घे. रिमोट तरी भिजाचो नाय."